गव्हाणीवरच्या गाद्या

लखनौत कोहरा, म्हणजे इथलं दाट धुकं, पडला की माझ्या नाकात भुशाचा वास येतो. आता वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर, भुसा यायचा कुठून? खाली गार्ड भैया शेकोटी पेटवतो, पण तिच्यात प्लायवूडचे तुकडे आणि बुटांची खोकी जळतात, त्याचा वास वेगळा. तरी सकाळी पडदा सारावा, समोरची पाण्याची टाकी कुणीतरी पुसून टाकल्यासारखी नाहीशी झालेली असावी, आणि तो कोरडा, किंचित गोड, नाकात गुदगुल्या करणारा वास यावा, हे चार वर्षं नेमानं घडतंय. मी दोन-तीनदा शिंकते. मग मिलिंद, म्हणजे माझा नवरा, रजईच्या आतून विचारतो, "आला का तुझा भुसा?"

आज शाळेच्या ग्रुपवर निरोप आला, थंडीच्या लाटेमुळे चार दिवस सुट्टी. मी शिक्षिका आहे, अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, अभ्यासक्रम मागं पडतोय याची मला काळजी वाटायला हवी. मला इतका आनंद झाला की मी सब्जीवाल्याकडून पाच किलो मटार घेऊन टाकला. जानेवारीत लखनौत त्यात काही विशेष नाही. या दिवसांत इथं पोह्यात मटार, तहरी म्हणजे मसालेभात, त्यात मटार, निमोन्याची आमटी तर मटाराचीच, आणि पाहुणा आला तर गप्पा मारता मारता त्याच्या हातात शेंगा. पण आमच्या घरात मटार सोलणं हे माझं काम नाही. ज्यांचं आहे ते आज घरात नाहीत. म्हणून मीच परात मांडीवर घेऊन बसलेय, आणि शेंगा फुटत जातील तसं एकेक आठवत चाललंय.

चार वर्षांपूर्वी अशीच सुट्टी पडली होती. अण्णांना, माझ्या सासऱ्यांना, आमच्याकडं येऊन तेव्हा दहा महिने झाले होते. सासूबाई गेल्या आणि कराडजवळच्या गावात अण्णा एकटे उरले. एके दिवशी विहिरीजवळ चक्कर येऊन पडले, ते कुणाला दिसायलाच दीड तास गेला. मिलिंद गेला आणि त्यांना घेऊनच आला. गोठ्यातली शेवटची म्हैस अण्णांनी भावकीत दिली, दावं मात्र बरोबर आणलं. लखनौत दाव्याचं काय करणार होते, ते त्यांनाच ठाऊक.

त्यांच्यासाठी मी कपाटातले दोन कप्पे रिकामे केले होते, कागदबिगद घालून. ते दहा महिने रिकामेच राहिले. अण्णांची एक मोठी खाकी बॅग होती, ती पलंगाखाली असायची. आंघोळीच्या आधी ती बाहेर ओढायची, धोतर-बंडी काढायची, चेन लावायची, आत सारायची. वाळलेले कपडे मी घडी घालून कप्प्यात ठेवले की संध्याकाळपर्यंत ते परत बॅगेत गेलेले असत. "अण्णा, कप्पा आहे की तुमचा," मी म्हणायची. "असू दे. तुमच्याकडं काय कमी हाय व्हय?" हे त्यांचं उत्तर. तुमच्याकडं. चहा तुमच्याकडं गोड असतो, थंडी तुमच्याकडं फार. 'घरी' हा शब्द त्यांनी कराडकडच्या त्या बंद दारासाठी राखून ठेवला होता. "घरी औंदा ऊस बरा हाय म्हणं," असं ते फोन ठेवून सांगायचे, आणि मी आतल्या आत खट्टू व्हायची.

आणि त्या डिसेंबरात त्यांनी मिलिंदला परतीचं तिकीट काढायला लावलं. एकट्याचं, संक्रांतीनंतरचं.

"करमत न्हाई असं न्हाई, वैशाली," मला म्हणाले, "पण माणसानं पाहुणं किती दिस ऱ्हायाचं?"

मला ते जायला नको होते, हे सरळच सांगते. एक तर ती विहीर डोळ्यांपुढून हलत नव्हती. दुसरं म्हणजे आमच्या गार्गीला, ती तेव्हा बारा वर्षांची, मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून निघायची हिंदी. अण्णा तिच्याशी मराठीत भांडायचे, ती हिंदीत, आणि दोघांचं झकास जमायचं. आणि तिसरं कारण काही नाही, मला ते आवडायचे. चहा बशीत ओतून, डोळे मिटून पिणारा माणूस घरात असला की घर भरल्यासारखं वाटतं. मी रागावले, रुसले, डॉक्टरांची भीती घातली. अण्णा ढिम्म. गुळाचा गणपती बसावा तसे बसून राहिले.

म्हणून मग मी ती चार दिवसांची सहल ठरवली. वाटलं, हवापालट होईल, मन रमेल, तिकीट रद्द होईल. माझ्या योजना अशाच असतात.

मिलिंद हवाई दलात होता तेव्हा आम्ही सहा वर्षं लखनौच्या दुसऱ्या टोकाला, बख्शी का तालाबच्या हवाई तळावर राहिलो. तिथं आमच्या क्वार्टरला दूध घालायची ती रामरती चाची. उंच, हाडकुळी, डोईवरचा पदर दातात धरून सायकल हाणणारी. तिचा थोरला, राजू, शहरात हॉटेलात काम करून परत गावी आला, आणि त्यानं घरामागच्या भुसौरीची पाहुण्यांसाठी खोली केली. भुसौरी म्हणजे भुसा साठवायची जागा. चाचीकडं मात्र एकाच कौलारू छपराखाली अर्ध्यात भुसा आणि अर्ध्यात गोठा होता. राजूनं फोटो पाठवले. पांढऱ्या भिंती, पिवळे दिवे, खिडकीतून मोहरीचं शेत. गार्गी म्हणाली, "मम्मी, कितना एस्थेटिक है!" अण्णांनी फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "हा गोठा हाय."

शहराच्या या टोकापासून त्या टोकाला आम्ही कोहऱ्यात दिवे लावून, गोगलगाईच्या गतीनं पोहोचलो. राजूनं खरंच मन लावून काम केलं होतं. फूटभर जाड मातीच्या भिंतींना चुना, वर जुनी लाकडं तशीच ठेवून तेलपाणी केलेलं, भुसा भरायच्या माळ्यावर गार्गीसाठी गादी, जायला शिडी. भिंतीलगतच्या लांब गव्हाणीत, जिथून जनावरं चारा खायची, तिथं त्यानं फळ्या टाकून वर लाल गाद्या आणि लोड ठेवले होते. बसायला सोफ्यासारखं. इतकं सगळं करूनही खोलीला वास भुशाचाच होता. पहिल्याच मिनिटाला मी शिंकले.

मी गाद्यांवर ऐसपैस बसले. मिलिंद बसला. अण्णा उभेच.

"बसा की अण्णा."

"गव्हाणीवर बसत असत्यात व्हय? जनावराचं ताट हाय ते," म्हणाले, आणि जमिनीवर सतरंजीवर मांडी घालून बसले. मला लाज वाटून मी उठले, मग परत बसले. थंडी फार होती आणि गादी चांगली होती.

पुढचे दोन दिवस अण्णा ती खोली वाचत होते. दुसरा शब्द नाही सुचत. पलंग डुगडुगत होता म्हणून राजूनं दोन पायांखाली विटा दिल्या होत्या. अण्णांनी फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी सरळ कोपऱ्याकडं धावलं. "उतार मुद्दाम दिल्याला हाय. मूत वाहून जायला. तुमचा पलंग बरूबर मुतारीच्या वाटंवर हाय," असं त्यांनी मिलिंदला चहाच्या वेळी समजावलं. भिंतीतल्या लोखंडी कडीला गार्गीनं हेडफोन लटकवले होते. अण्णा तिला म्हणाले, ही कडी वासराच्या मानंच्या उंचीची हाय, म्हणजे बांधणाऱ्याला कळत हुतं. एका जागी चुन्याखालूनही भिंत गुळगुळीत लागायची. तिथं हात फिरवत म्हणाले, "इथं ती खांदा घासायची."

सगळ्यांत जास्त त्यांना सलली ती खिडकी. मोहरीचा तो पिवळाजर्द देखावा दिसावा म्हणून राजूनं पश्चिमेची भिंत फोडून मोठी काच बसवली होती. अण्णा म्हणाले, "तिन्ही भिंतीत झरोकं, पश्चिमंला एकबी नव्हता बग. वारं तिकडनंच येतंय. ज्यानं बांधलं त्यो शाना हुता."

भिंतीला खांदा घासणारी ती, म्हणजे गोरी. चाचीची म्हैस. काळीकुट्ट, इतकी काळी की कोहऱ्यात फक्त तिचाच आधार वाटावा, आणि नाव गोरी. भुसौरीची खोली झाल्यापासून ती बाहेर पत्र्याच्या छपराखाली होती, तिन्ही बाजूंनी प्लास्टिक बांधलेलं, चौथी उघडी. अंगावर गोणपाटाची झूल. दिवस भरले होते. अण्णा सकाळ-संध्याकाळ तिथं जाऊन उभे राहायचे. आमच्याबरोबर शेकोटीला बसायचे, पण मान तिकडं.

चाचीशी त्यांची बोलणी त्यांच्या स्वतःच्या हिंदीत चालायची. "बहेनजी, ये भैंस को ठंडी बजती है."

चाची मान हलवून सगळं मुलावर, राजूवर, ढकलायची. "का करी दादा, लरिका कहत है मेहमान का कहाँ सोवावैं."

तिसऱ्या दिवशी दुपारी चाची आम्हाला मटार तोडायला शेतात घेऊन गेली. इथले लोक ज्याला गलन म्हणतात ती थंडी पडली होती. नुसती गार नव्हे, तर हाडात ओल मुरत जावी तशी. अण्णांना मी म्हटलं, "तुम्ही बसा. गरम पाण्याची पिशवी देते. काही लागलं तर राजू भैयाला हाक मारा." राजू खरं म्हणजे शहरात सामान आणायला गेला होता, ते मला ठाऊक नव्हतं. आम्ही दोन तास शेतात होतो. तोडण्यापेक्षा खाल्ला जास्त. गार्गीची बोटं गारठून लाल झाली, तरी ती हलायला तयार नव्हती.

परत आलो तर चाचीच्या ओसरीवर आमच्या सुटकेसेस ओळीनं मांडलेल्या. त्यावर लाल गाद्या, त्यावर लोड, सगळ्यांत वर गार्गीचे हेडफोन, फडक्यात गुंडाळून. भुसौरीचं दार लोटलेलं. मिलिंदनं ते ढकललं आणि तिथंच थांबला.

खोलीच्या मधोमध गोरी उभी होती. त्याच कडीला बांधलेली, आणि दावं कराडचं होतं, मी ओळखलं; बॅगेतून इथवर आणलं होतं. गव्हाणीवरच्या फळ्या काढून भिंतीला टेकवल्या होत्या, आत भुसा आणि कोमट पाणी कालवून ठेवलेलं. पलंग उभा करून बाजूला सारलेला. पश्चिमेच्या काचेवर दोन पोती. फरशीवर भाताचा पेंढा. आणि अण्णा, बंडीच्या बाह्या वर सारून, गोणपाटानं तिची पाठ चोळत होते. गोरीनं खांदा भिंतीच्या त्या गुळगुळीत जागेला टेकवला होता आणि डोळे अर्धे मिटले होते.

मिलिंद एकदम कडाडला. "अण्णा, हे काय केलंत? ही लोकांची खोली आहे! उद्या दुसरे गेस्ट येतील, राजूला काय तोंड दाखवू मी? कुणाला विचारलंत?"

"विचारायला हुतं कोन?" अण्णांनी हात थांबवला नाही. "शेपटीच्या दोनी बाजूला खळगं पडल्यात बग. आज व्यायची ती. त्या पत्र्याखाली व्याली तर रेडकू आकडून मरंल. तुमी माणसं हाय, कुठंबी झोपशिला."

"अण्णा, आपण इथं पाहुणे आहोत!"

अण्णांनी एकदाच वर पाहिलं. "तुमी असाल," म्हणाले.

मला मिलिंदची कीव येत होती आणि हसूही येत होतं, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती ती चाचीची. ती माझ्या मागं उभी होती, ओच्यात मटार घेऊन. पुढं गेली, गोरीच्या कपाळावर हात ठेवला, मग त्या भिंतीवर ठेवला. पदर दातात धरलेला होता तो सुटला.

"दुई बरस से बाहर खड़ी रही बेचारी," ती म्हणाली. "कैसे आई, दादा? खींचै का परा?"

"खींचा नहीं बहेनजी. मैं बस दरवाजा खोला. वो खुद अंदर आई."

चाची रडायला लागली आणि मग हसायलाही लागली. ओच्यातल्या शेंगा पेंढ्यावर सांडल्या, त्यातल्या चार गोरीनं खाल्ल्या.

संध्याकाळी सहाच्या सुमारास गोरी व्याली. माझा गावाशी संबंध मिरजेच्या आत्याकडं मे महिन्यात जायचा, एवढाच. मी दारात उभी राहून कंदील धरण्याचं काम केलं; राजूचे पिवळे दिवे जनावराच्या डोळ्यांवर येत होते म्हणून अण्णांनी बंद करायला लावले होते. आधी पुढचे दोन पाय दिसले, आणि मग बराच वेळ काहीच होईना. गोरी कण्हत होती. अण्णांनी ते पाय धरले, पण हात निसटला. चौऱ्याहत्तर वर्षांचा हात.

"मिल्या," ते म्हणाले, "ये. धर. ती कळ दील तवाच वढायचं, न्हाईतर न्हाई."

मिलिंद वीस वर्षं विमानांच्या यंत्रांत हात घालत आलेला माणूस. दोन तासांपूर्वी बापावर ओरडत होता. त्यानं ते महागाचं जाकीट काढून माझ्या अंगावर फेकलं आणि गुडघ्यांवर बसला. त्या बापलेकांना एका कामाला लागलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहत होते. "आता," अण्णा म्हणायचे. "थांब. आता." एवढंच बोलणं.

रेडकू आलं ते ओल्या पोत्यासारखं पेंढ्यावर पडलं, आणि हललं नाही. गार्गी माझा हात करकचून धरून ओरडली, "अण्णा, साँस नहीं ले रहा! अण्णा, कुछ करो ना!"

अण्णांनी त्याचं तोंड-नाक बोटांनी साफ केलं, पेंढ्यानं खसाखसा अंग चोळलं, मग एक काडी घेऊन नाकपुडीत फिरवली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा रेडकू शिंकलं. गोरी मान वळवून हंबरली, आणि गार्गी अण्णांच्या गळ्यात पडली, तशीच, त्यांचे हात कोपरापर्यंत भरलेले असताना.

मादी होती. चाचीनं तिथल्या तिथं नाव ठेवलं, कराडवाली.

राजू आला तो पिशव्या हातात घेऊन दारात बघतच राहिला. चाचीनं त्याला बाजूला नेऊन काय सांगितलं कोण जाणे, पण तो परत आला आणि अण्णांच्या पाया पडला. आम्ही सगळे चाचीच्या खोलीत पेंढ्याच्या गादीवर दाटीवाटीनं झोपलो. इतकी ऊब मला लखनौच्या कुठल्याही रजईत मिळालेली नाही.

सकाळी कराडवालीचं पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचं काय करायचं यावरून चाची आणि अण्णा यांचा वाद चूल कुणाच्या हाती राहणार इथपर्यंत गेला. चाची त्याला पेवसी म्हणते आणि आटवून करते. अण्णांनी गूळ-वेलदोडा घालून, पातेल्यात पातेलं ठेवून खरवस केला. गार्गीनं आयुष्यात पहिल्यांदा खरवस खाल्ला. ताटली पुढं केली आणि म्हणाली, "अण्णा, और."

मी त्या ताटल्या विसळत होते. ओसरीवर त्या लाल गाद्या अजून तशाच रचलेल्या होत्या. त्यांच्याकडं पाहता पाहता मला माझंच घर दिसायला लागलं. दहा महिन्यांत अण्णांनी एकदा बाल्कनी झाडायला घेतली होती, मी झाडू काढून घेतला. दूध आणायला निघाले होते, मी म्हटलं ते दारात येतं. भाजी निवडतो म्हणाले, मी टीव्ही लावून दिला. तुम्ही बसा अण्णा, तुम्ही बसा. दिवसातून वीस वेळा. चांगल्या मनानंच, पण मीही राजूसारखंच केलं होतं. एका कामाच्या माणसावर मऊ गाद्या घातल्या, आणि वर तक्रार करत होते की हा माणूस इथला का होत नाही.

परत आल्यावर मी अण्णांना काही समजावलं नाही. सब्जीवाल्याकडून पाच किलो मटार घेतला आणि त्यांच्यापुढं परात ठेवली.

"एवढा?" ते म्हणाले.

"वर्षाचा ठेवायचाय. मला शाळेतून वेळ नाही. तुम्ही सोला."

असं मी त्यांना दहा महिन्यांत कधी बोलले नव्हते. आवाज जरा करडाच निघाला. अण्णांनी परात जवळ ओढली.

तिकीट मात्र होतंच. संक्रांत झाली, तो दिवस आला. बॅग दाराशी उभी. कोहऱ्यानं समोरचा जिना दिसत नव्हता. गाडी पाच तास उशिरा, मग नऊ, मग चौदा. इथल्या जानेवारीत गाड्या अशाच धावतात. अण्णा टोपी घालून, मफलर बांधून खुर्चीत बसले होते. रिकामं बसवेना म्हणून सकाळीच आणलेल्या मटाराच्या शेंगा पुढं ओढल्या. दिवेलागणीला निरोप आला, गाडी रद्द. मिलिंद माझ्याकडं बघत म्हणाला, "अण्णा, उद्याचं बघू का दुसरं?"

मी हात पुसत दारात आले.

अण्णांनी टोपलीत डोकावून पाहिलं. अर्धी टोपली शेंगा अजून सोलायच्या होत्या. "आधी हे उरकू द्या की," म्हणाले.

त्यानंतर कुणी विचारलं नाही. बॅग पंधरा दिवस दाराशी तशीच होती, आम्ही तिला वळसा घालून ये-जा करायचो. मग एक दिवस गार्गीची शाळेची सहल निघाली. "अण्णा, आपका बॅग मिलेगा? मेरावाला छोटा है." अण्णा उठले, बॅग पलंगावर उपडी केली आणि झटकून तिच्या हातात दिली. धोतरं, बंड्या, स्वेटर, सासूबाईंचा फोटो, सगळा ढीग पलंगावर. मी स्वयंपाकघरातून हलले नाही. थोड्या वेळानं कपाटाचं दार कुरकुरलं.

तरी शब्द तोच. कप्पे भरले, दूध तेच आणू लागले, गार्ड भैयाशी त्यांची पक्की दोस्ती झाली, पण चार वर्षं 'तुमच्याकडं' काही सुटलं नाही. मीही नाद सोडला. माणूस आहे ना, मग शब्दाचं काय एवढं.

भुसौरीत आता अर्ध्या भागात भिंत आली आहे. एका बाजूला पाहुणे, दुसऱ्या बाजूला गोरी आणि कराडवाली. पश्चिमेची काच राजूनं विटांनी बुजवली. पाहुणे तक्रार करत नाहीत. उलट म्हशींबरोबर फोटो काढतात.

आणि कराडवालीचे आता दिवस भरलेत. पहिलारू आहे, म्हणून चाचीचा सोमवारी फोन आला, "दादा का भेज देव." अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, डॉक्टरांनी थंडीत बाहेर पडू नका म्हणून सांगितलंय. 'तुम्ही बसा' जिभेवर आलं होतं, पण मी त्यांचा मफलर काढून दिला. मिलिंद त्यांना सोडून आला. जाताना त्यांनी गार्गीची छोटी बॅग नेली. दोन जोड कपडे आणि दावं.

हे आठवता आठवता मटार अर्धा झालाय, आणि आत्ताच गार्गी फोन घेऊन आली. सोळा वर्षांची झाली, तरी फोनवर ओरडते. "अण्णा, हुआ क्या? कब आओगे? मम्मी से मटर नहीं छिल रहा!"

तिनं स्पीकर लावला. मागून गोरीचं हंबरणं आणि चाचीची कुणावर तरी आरडाओरड.

"अजून न्हाई व्याली," अण्णा म्हणाले. "आज-उद्या हुईल. चीक ठेवायला सांगितलाय तुझ्यासाठी. मी शनवारी येतो घरी."

गार्गीला त्यात काही वेगळं वाटलं नाही. ती "ओके, बाय" म्हणून फोन घेऊन निघून गेली.

मी परात बाजूला ठेवली. उरलेल्या शेंगा टोपलीत भरल्या, वर ओलं फडकं टाकलं. शनिवारपर्यंत टिकतील.